मोबाईलमधला हिशेब मोठ्यानं वाचा

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलणाऱ्या : एका ग्रामसंघाच्या चार लेखापाल.)

 

आम्ही चौघी एका ग्रामसंघातल्या गटांचे हिशेब लिहितो. १४ गट आहेत. आमच्यातली एक बारावी झालेली, दोघी दहावी, आणि एकीनं नववीत शाळा सोडली, पण तोंडी बेरजेत तिचा हात आम्ही कुणी धरत नाही. कागदावर आम्ही लेखापाल, गावात 'हिशेबवाल्या'. माईकसमोर एकीनंच बोलायचं असं ठरलंय. पण जे सांगायचंय ते चौघींचं आहे, त्यातली चूकही चौघींची आहे, म्हणून 'आम्ही' असंच बोलतो.

आम्हाला विषय दिलाय की तंत्रज्ञान बदलतंय तेव्हा हिशेब लिहिणारीनं पुढाकार कसा घ्यायचा. आम्हाला वाटायचं, पुढाकार म्हणजे नवं ॲप तालुक्यात सगळ्यांच्या आधी शिकायचं. ते आम्ही केलं. प्रशिक्षणात टाळ्याही मिळाल्या. आणि तिथूनच आमचा घोळ सुरू झाला.

आधी वहीचं सांगतो, कारण नव्या गटातल्या पुष्कळ जणींनी ती पद्धत पाहिलेलीच नाही. महिन्याची बैठक असली की गोल बसायचं, मधे पेटी. प्रार्थना, हजेरी, मागचं इतिवृत्त. मग लेखापालनं एकेकीचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, 'बचत १००, कर्ज बाकी ५,०००, या महिन्याचं व्याज १००, मुद्दल १,०००, राहिले ४,०००.' तिनं 'बरोबर' म्हणायचं, पैसे मधे ठेवायचे, आणि लगेच तिच्या पासबुकात तेच आकडे लिहायचे. शेवटी रोकड मोजायची आणि वहीतल्या शिलकेशी जुळवायची. दोन रुपये कमी निघाले तरी कुणी उठायचं नाही. एकदा पावसाळ्यात असे सात रुपये जुळेनात म्हणून रात्री नऊपर्यंत बसलो होतो, आणि ते सात रुपये चहापत्तीच्या पावतीत सापडले. घरी गेल्यावर काय ऐकावं लागलं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

वैताग होता, खोटं कशाला बोला. पंचसूत्रीतली पहिली चार सूत्रं सगळ्या जणी टाळ्या वाजवत म्हणतात : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड. पाचवं सूत्र हिशेबाचं. ते म्हणताना सगळ्या आमच्याकडं बघतात.

मोबाईलवर हिशेब ही काही कालची गोष्ट नाही. नाबार्डनं २०१५ साली ई-शक्ती नावाचं काम सुरू केलं, तेव्हा बचत गटांचे हिशेब संगणकात घेण्याचा पहिला प्रयोग देशातल्या दोन जिल्ह्यांत झाला. एक झारखंडमधला रामगढ आणि दुसरा आपला धुळे. पुढं हे वारं सगळीकडं आलं. आमच्या गावात आलं तेव्हा आम्ही खूश होतो. आमच्या एका गटाची खतावणी वाळवीनं खाल्ली होती. दुसऱ्या गटाची वही गळक्या छपराखाली भिजून तिचा लगदा झाला होता. शिवाय बँकेत कर्जाची फाईल नेली की साहेब म्हणायचे, 'वह्या तपासायला वेळ लागेल.' आता हिशेब बँकेलाही दिसणार, बेरजा आपोआप होणार, मार्चअखेर डोळे फोडावे लागणार नाहीत. यातलं पुष्कळसं खरंही झालं. आम्ही ॲपच्या विरोधात बोलायला आलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ॲपमध्ये हिशेब नेताना एक तारीख ठरवतात. त्या तारखेला कुणाची बचत किती, कुणाचं कर्ज किती बाकी, हे एकदा भरायचं आणि तिथून पुढचे व्यवहार ॲपमध्ये लिहायचे. १४ गट, प्रत्येकी दहा-बारा बायका, आणि वरून तारीख आलेली. आम्ही चौघी अंगणवाडीत रात्री बसून आकडे भरत होतो. एक वाचणार, एक भरणार. लाइट जायची, रेंज जायची, भरलेलं पान पुसलं जायचं. अशाच एका रात्री एका ताईच्या नावापुढं आम्ही कर्ज बाकी म्हणून १०,००० भरले.

त्या ताईनं १०,००० घेतले होते खरे. दोन शेळ्या घेतल्या होत्या. दहा महिन्यांची मुदत, महिन्याला १,००० मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर शेकडा २ रुपये व्याज. म्हणजे पहिल्या महिन्यात व्याज २००, दुसऱ्यात १८०, मग १६०, असं उतरत जाणारं. ज्या तारखेला आम्ही आकडे भरत होतो तोवर तिचे सहा हप्ते फिटले होते. बाकी होती ४,०००. आम्ही वहीत बाकीचा रकाना वाचायच्या ऐवजी घेतलेल्या कर्जाचा रकाना वाचला. एवढंच.

आता यंत्र काय करतं बघा. पुढच्या महिन्यात ती ताई तिच्या हिशेबानं बरोबर १,०८० रुपये घेऊन आली. १,००० मुद्दल, ४,००० वर ८० व्याज. ॲपच्या लेखी मात्र कर्ज १०,०००, म्हणून व्याज २००. त्यानं आधी व्याज कापलं आणि मुद्दल धरलं फक्त ८८०. त्याच्या पुढच्या महिन्यात तिनं १,०६० दिले, त्यातलंही असंच. तिसऱ्या महिन्यात १,०४०. तीन महिन्यांनी तिच्याकडं खरी बाकी उरली होती १,००० रुपये. ॲप दाखवत होतं ७,३६७. आणि कर्जाची तारीख आम्ही बरोबर भरली होती, त्यामुळं ॲपला असं दिसलं की नऊ हप्ते व्हायला पाहिजे होते, मुद्दल आलं फक्त २,६३३. म्हणून ६,३६७ रुपये थकीत. ॲपची एकही बेरीज-वजाबाकी चुकलेली नव्हती, हे ध्यानात घ्या. पैशापर्यंत बरोबर गणित, पण मुळातल्या खोट्या आकड्यावर केलेलं.

तीन महिने हे कुणालाच कसं कळलं नाही, असं तुम्ही विचाराल. कळलं नाही, कारण आम्ही वाचायचं बंद केलं होतं. मोबाईलमध्ये 'हप्ता आला' असं दाबलं की काम झालं. गोल करून बसलेल्या १२ जणींना तो एवढासा पडदा दिसत नाही. पासबुकात लिहिणंही आम्ही सोडलं होतं, 'आता सगळं मोबाईलमध्ये आहे' म्हणून. बैठक वीस मिनिटांत उरकायची. बायका खूश, आम्ही खूश.

मग गटाच्या पुढच्या बँक कर्जाची फाईल अडकली. थकबाकी दिसतेय, आधी ती भरा, असा निरोप आला. कुणाची थकबाकी, म्हणून आम्ही बैठकीत मोबाईल काढला आणि नाव वाचलं. त्या ताईचं.

तिला वाटलं आपल्याला ऐकायला चुकलं. ती म्हणाली, 'मी एकही हप्ता चुकवला नाही.' आम्ही मोबाईल पुढं केला. आमच्यातली एक असंही म्हणाली की, 'ताई, मोबाईल खोटं कसं दाखवेल?' हे वाक्य आमच्यातल्या कुणाच्या तोंडून आलं ते सांगत नाही, पण चौघींपैकी कुणीही ते बोलली असती. ती ताई एकटी आहे, नवरा वारलाय, मुलगा आठवीत. तिच्यामुळं अकरा जणींचं कर्ज अडलं, असं सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही. पाण्याच्या टाकीवर वेळ बदलून यायला लागली. एका शेळीचा सौदा करायला निघाली होती, थकबाकी भरून टाकावी म्हणून. जी तिच्यावर नव्हतीच.

त्या गटात एक आजी आहेत. अंगठा लावतात. त्यांनी शेळी विकायची गोष्ट ऐकली आणि आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, 'तिनं दिवाळीच्या बैठकीत हप्ता दिला तेव्हा पाचशेची फाटकी नोट होती, ती मी बदलून दिली. तुमच्या वहीत आहे का नाही बघा.' वही एका घरी ज्वारीच्या पोत्यामागं पत्र्याच्या पेटीत टाकलेली. उघडली. आमच्याच अक्षरात सहा हप्ते. सहाव्यापुढं बाकी ४,०००, आणि कडेला त्या ताईची सही.

त्या रात्री आम्ही चौघी झोपलो नाही. आणि लगेच काही शहाण्यासारख्याही वागलो नाही. आमचं भांडण झालं. एक म्हणाली, दुरुस्ती करून टाकू, फाईल पुढं जाईल, ताईला हळूच सांगू. दुसरी म्हणाली, बैठकीत सांगितलं तर उद्या कुठलीही बाई म्हणेल माझाही आकडा चुकीचा आहे. गटाच्या अध्यक्षताईंचंही मत असंच पडलं, कर्ज मिळेपर्यंत गप्प राहू, प्रभागसंघात आपल्या गावाचं नाव खराब होईल. तिसरीला भीती वेगळीच, लेखापालचं काम जाईल. मानधन थोडंच आहे, पण स्वतःच्या हातचे ते पहिले पैसे आहेत.

आमच्यातल्या एकीची मुलगी तालुक्याला बी. कॉम. करते. ती सुट्टीला आलेली होती, ती सगळं ऐकत होती. तिनं आम्हाला विलायतेतली एक गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगायलाच पाहिजे.

इंग्लंडमध्ये खेड्यापाड्यांतली पोस्टं बऱ्याचदा एखाद्या दुकानातच असतात. दुकानदार बाई किंवा बाप्या तीच पोस्टमास्तर. १९९९ पासून तिथं पोस्टाचा सगळा हिशेब होरायझन नावाच्या संगणक यंत्रणेवर गेला. आणि ठिकठिकाणी तूट दिसायला लागली. आज हजार पौंड, उद्या पाच हजार. करार असा की तूट पोस्टमास्तरनं भरून द्यायची. हॅम्पशायरमधल्या एका खेड्यात जो हॅमिल्टन नावाची बाई पोस्ट चालवायची. तिला साधारण २,००० पौंडांची तूट दिसली. तिनं मदतीच्या नंबरवर फोन केला, ते सांगतील तसं दाबत गेली, आणि तिच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. तिनं घर गहाण टाकून पैसे भरले. आणि फोनवर तिला सांगितलं गेलं की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय.

असं शेकडो जणांना सांगितलं गेलं होतं, 'फक्त तुम्हालाच.' प्रत्येकाला वाटलं आपलंच कुठंतरी चुकतंय. ९०० हून जास्त जणांवर चोरी, खोटा हिशेब असे गुन्हे शाबीत झाले. सीमा मिश्रा नावाची मूळची भारतातली बाई, तिला २०१० साली तुरुंगात पाठवलं तेव्हा ती गरोदर होती, आणि तो तिच्या थोरल्या मुलाच्या दहाव्या वाढदिवसाचा दिवस होता. काहींनी जीव दिला. तिथल्या न्यायालयात रीत अशी की उलटा पुरावा येईपर्यंत यंत्र बरोबर चाललंय असंच धरायचं. माणसानं सिद्ध करायचं की यंत्र चुकलं, आणि ते सिद्ध करायला लागणारे कागद मात्र यंत्रवाल्यांकडं.

वेल्समधल्या एका पोस्टाचे ॲलन बेट्स नावाचे गृहस्थ होते. त्यांनी एक गोष्ट केली. जी तूट कुठून आली ते मला तपासता येत नाही, ती मी मान्य करणार नाही, असं म्हणाले आणि भरपाई द्यायला नकार दिला. २००३ मध्ये त्यांचं पोस्ट काढून घेतलं. पण त्यांनी कागद जपून ठेवले आणि आपल्यासारखे आणखी कोण आहेत ते शोधत राहिले. २००९ मध्ये फेनी कॉम्प्टन नावाच्या खेड्यातल्या सभागृहात ही माणसं पहिल्यांदा एकत्र बसली आणि प्रत्येकाला कळलं की, 'फक्त तुम्हालाच' हे खोटं होतं. पुढं ५५५ जणांनी मिळून दावा केला. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की त्या यंत्रणेत दोष होते. २०२४ मध्ये तिथल्या संसदेनं कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. इतकी वर्षं.

ती पोरगी एवढं सांगून गप्प बसली. आमच्यातली एक म्हणाली, 'मोबाईल खोटं कसं दाखवेल असं आपण म्हणालो होतो.' मग कुणीच काही बोललं नाही. तिकडच्या यंत्रात दोष होता, आमच्याकडं दोष आमच्या बोटांचा होता. पण त्या ताईच्या बाजूनं बघितलं तर फरक काय पडला?

पुढच्या बैठकीला आम्ही चौघी गेलो. ताईला आणायला आजी स्वतः गेल्या होत्या. वही, मोबाईल आणि तिचं पासबुक असं मधे ठेवलं आणि सहाही हप्ते एकेक करून मोठ्यानं वाचले. सांगितलं की चूक आमची आहे, ताईची बाकी १,००० आहे. आजी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. म्हणाल्या, 'नाव जेवढ्या मोठ्यानं घेतलं होतं, तेवढ्याच मोठ्यानं सांगा.' परत सांगितलं. ताई रडली नाही, काही बोललीही नाही. पेटीजवळ १,०२० रुपये ठेवले, शेवटचा हप्ता व्याजासकट, आणि म्हणाली, 'आता पासबुकात लिहा.'

ॲपमधली दुरुस्ती आम्हाला आमच्या हातानं करता येईना, तिला वरून मंजुरी लागली. अर्ज, इतिवृत्ताची प्रत, वहीच्या पानाचा फोटो. दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात बँकेची फाईल तशीच पडून होती आणि गटातल्या दोघी-तिघींनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं. खरं सांगितलं की सगळे पाठ थोपटतात, असं काही नसतं.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. ऑनलाइन सातबारा आला तेव्हाचं चावडी वाचन आठवतं का? संगणकात भरताना कुणाचं नाव गळलं, कुणाचं क्षेत्र कमी-जास्त झालं, म्हणून तलाठी गावात बसून सातबारे मोठ्यानं वाचत होते आणि लोक चुका सांगत होते. तेच आम्ही गटात आणलं. १४ ही गटांत, ॲपमधली प्रत्येकीची बचत आणि बाकी वाचून काढली. एक जण मोबाईल वाचते, दुसरी पासबुक वाचते, आणि ज्या बाईचा हिशेब ती आधीच आपल्या तोंडानं आकडा सांगते. आधी तिनं सांगायचं, मग आम्ही वाचायचं, हा क्रम आम्ही मुद्दाम ठेवलाय. आम्ही आधी वाचलं तर ती नुसती मान हलवते. या वाचनात आणखी पाच चुका निघाल्या. तीन ठिकाणी बाईचं नुकसान होत होतं, दोन ठिकाणी फायदा. फायदावाल्यांपैकी एक स्वतःहून म्हणाली, माझी बचत जास्त दिसतेय. दुसरी काही बोलली नव्हती, तिच्या जावेनं सांगितलं. त्यावरून घरात काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

दुसरं म्हणजे दुरुस्ती वही. वहीत लिहायचो तेव्हा आम्हाला शिकवलं होतं की खाडाखोड करायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही. म्हणजे आधी काय होतं तेही दिसतं. मोबाईलमध्ये आकडा बदलला की आमच्या बायकांना जुना आकडा दिसतच नाही. त्या पोरीनं सांगितलं की मोठ्या कंपन्यांनाही आपल्या सरकारनं १ एप्रिल २०२३ पासून हाच नियम लावलाय. त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणता आकडा कधी बदलला याची नोंद आपोआप राहिली पाहिजे, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. आम्ही मग २० रुपयांची दोनशे पानी वही आणली. तारीख, आधीचा आकडा, नवा आकडा, का बदलला, कुणी बदलला, आणि ज्या बाईचा हिशेब तिची सही किंवा अंगठा. त्यात पहिली नोंद त्या शेळीवाल्या ताईची आहे.

ओटीपीचंही बोलायला पाहिजे, कारण हे सगळ्या गावांत चाललंय आणि कुणी बोलत नाही. मंजुरीचा ओटीपी अध्यक्ष-सचिवांच्या नंबरवर येतो. एका गटात अध्यक्षताईंचा फोन त्यांच्या मुलाकडं असायचा. तो शेतातून फोनवर आकडे सांगायचा आणि आम्ही भरायचो. अध्यक्षताईंना कशाला मंजुरी दिली ते संध्याकाळी कळायचं. कधी तेही नाही. आता बैठकीच्या दिवशी फोन बाईच्या हातात नसेल तर आम्ही नोंद करत नाही. दोन घरांत यावरून कुरबूर झाली. एका सासऱ्यांनी विचारलं, 'माझ्या पोरावर विश्वास नाही का?' आम्ही म्हणालो, 'मामा, विश्वास आहे, पण सही वहिनींची आहे.' ते पुढं काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी चहा काही मिळाला नाही.

या सगळ्यानं बैठक वीस मिनिटांवरून परत पाऊण तासावर गेली. तरुण सुना कंटाळतात. आमचं काम दुप्पट झालं आणि मानधन तेवढंच. ग्रामसंघात वाचनाच्या दिवसाचे वेगळे पैसे द्यायचा ठराव झालाय, पैसे अजून यायचेत. ज्या ठिकाणी लेखापालच्या मानधनाचा विषय निघतो तिथं 'तुम्ही समाजसेवा करता' असं म्हणतात. मैत्रिणींनो, शहरात सनदी लेखापाल सही करतात त्याची फी घेतात, आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही. आमची सही लहान आहे. पण तिच्यावर १४ गटांतल्या बायकांची घरं टेकलेली आहेत.

आम्ही लिहिणाऱ्या चौघीच राहिलो तर पुढं काय, हाही प्रश्न आहे. म्हणून प्रत्येक गटातून एक तरुण मुलगी वाचायला बसवतो. ॲप त्यांना आमच्यापेक्षा भरभर येतं, ते शिकवावं लागत नाही. आम्ही त्यांना दुसरंच शिकवतो. मोबाईल बाजूला ठेवायचा आणि १०,००० चं कर्ज, शेकडा २, दहा हप्ते, याचं व्याज कागदावर काढायचं. उतरत्या बाकीनं १,१०० येतं. पहिल्या दिवशी चौघींपैकी तिघींनी २,००० काढलं, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण १०,००० वरच व्याज धरलं. ते ९०० रुपये एका बाईच्या पोराची वर्षाची वह्या-पुस्तकं आहेत, असं सांगितल्यावर त्यांनी परत मांडलं.

त्या ताईनं शेळी विकली नाही. तिच्याकडं आता पाच आहेत, आणि बँकेचं कर्ज मंजूर झालं तेव्हा गटातून तिनंच सगळ्यात कमी घेतलं, ५,०००. विचारलं तर म्हणाली, 'पुरेत.' आमच्याशी ती अजून मोजकंच बोलते. बैठकीत मात्र तिचा आकडा ती सगळ्यांच्या आधी सांगते, आम्ही तिचं नाव घ्यायच्या आत.

यंदा मार्चअखेरचं वाचन शनिवारी दुपारी चारला मारुतीच्या पारावर आहे. आजीबाईंची एक तक्रार आहे ती मान्य केली आहे : पासबुकात निळ्या पेननं लिहिलेलं त्यांच्या नातवाला दिव्याच्या उजेडात वाचता येत नाही. त्यामुळं या वेळी काळी शाई आणतोय. शेजारच्या गावांतल्या लेखापाल ताईंना बघायला यायचं असेल तर या, फक्त येताना आपल्या एखाद्या गटाचा मोबाईल आणि जुनी वही दोन्ही घेऊन या.